वाचकांचे प्रश्न : महायुद्ध, तारुण्य आणि वाग्दत्तेचा शोक

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश स्वयंसेविका-परिचारिकांवर या मासिकात जो लेख आला, त्यावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. युद्धाने त्या तरुण मुलींचे काय केले, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. म्हणून उत्तरेही एकमेकांना जोडूनच वाचावीत.

प्रश्न : लेखात वारंवार असे म्हटले आहे की १९१४ साली विशीत असलेल्या मुली युद्धामुळे अकाली प्रौढ झाल्या. लढत होते ते तरुण पुरुष; मुली तर मायदेशी सुरक्षित होत्या. मग त्यांच्या जडणघडणीचा युद्धाशी इतका निकटचा संबंध का जोडायचा? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर युद्धाच्या आधीच्या दिवसांपासून द्यावे लागेल. १९१४ पूर्वीच्या इंग्लंडमध्ये सुखवस्तू मध्यमवर्गातील अविवाहित मुलीला परपुरुषाबरोबर एकटीने फिरण्याची मुभा नव्हती, सोबतीला कोणी तरी वडीलधारी स्त्री लागे, आणि पुरुषाचे शरीर, आजारपण, बाळंतपण यांविषयी तिला लग्नापर्यंत काहीही कळू नये याची घरची माणसे डोळ्यांत तेल घालून काळजी घेत. तिने शिकावे की नाही, हे वडील ठरवत. ऑक्सफर्डमध्ये मुलींची महाविद्यालये होती, मुली परीक्षाही देत. पण विद्यापीठ त्यांना पदवी देत नसे. हे दार १९२० साली उघडले.

या जगातून आलेल्या आणि पुढे लेखिका झालेल्या व्हेरा ब्रिटन हिचे उदाहरण घेतो, कारण तिची रोजनिशी आणि पत्रे टिकली आहेत आणि तिचे आयुष्य चांगले परिचित आहे. डिसेंबर १८९३ चा तिचा जन्म. घरच्यांची नाखुशी ओलांडून ती १९१४ च्या शरद ऋतूत ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाली, तेव्हा युद्ध सुरू होऊन थोडेच आठवडे झाले होते. तिच्या भावाचा, एडवर्डचा, शाळासोबती रोलंड लेटन हाही ऑक्सफर्डलाच येणार होता. तो आला नाही, सैन्यात गेला. पुढच्याच वर्षी सॉमरव्हिलच्या इमारतीत लष्करी रुग्णालय थाटले गेले आणि विद्यार्थिनींना दुसऱ्या महाविद्यालयाच्या आवारात हलवण्यात आले. व्हेराने शिक्षण अर्धवट ठेवून स्वयंसेवी परिचारिका पथकात नाव नोंदवले.

ही पथके १९०९ साली रेड क्रॉस आणि सेंट जॉन संस्थेच्या आधाराने उभी राहिली होती. युद्ध सुरू झाल्यावर घरात चहाचा पेलाही स्वतः विसळावा न लागलेल्या हजारो मुली त्यांच्यामार्फत वॉर्डांत आल्या आणि फरशी पुसणे, बेडपॅन धुणे, तापमान घेणे येथून सुरुवात करून थोड्याच महिन्यांत उघड्या जखमांवर पट्ट्या बांधू लागल्या. त्या जखमा कशा होत्या, हे स्पष्ट सांगायला हवे. प्रतिजैविके अजून आलेली नव्हती. फ्रान्सच्या खतावलेल्या शेतमातीतून जंतू जखमेत जात, मांस सडू लागे, आणि क्लोरीनयुक्त द्रावणाने ती जखम पुन्हा पुन्हा धुऊन काढणे एवढाच इलाज असे. पुरुषाच्या हाताला हात लावणे ज्या मुलीला कालपर्यंत निषिद्ध होते, ती आज अनोळखी पुरुषाच्या मांडीतील खोल जखमेतून कापसाचा बोळा काढत होती, आणि समोरच्या खाटेवरचा मुलगा तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा होता. मुलगी प्रौढ होते म्हणजे काय होते, याचे माझ्यापुरते उत्तर या कामातच आहे. वय तर सगळ्यांचेच वाढते. पण या मुलींनी ज्ञान, जबाबदारी आणि भय ही तिन्ही एकाच आठवड्यात पत्करली, आणि ती त्यांच्या हाती देणारे कोणीही त्यांना 'तू तयार आहेस का' असे विचारत नव्हते.

तरीही मुलगी म्हणून असलेले जुने पाश तुटले नव्हते. १९१८ च्या मार्चमध्ये जर्मनीने पश्चिम आघाडीवर मोठी चढाई केली, तेव्हा व्हेरा फ्रान्समधील एताप्ल येथील लष्करी रुग्णालयात होती आणि जखमींची रीघ लागली होती. अशा वेळी, एप्रिलमध्ये, आई आजारी असल्याने तिला घरी परत बोलावण्यात आले आणि तिला जावे लागले. तिचा भाऊ त्या वेळी आघाडीवर अधिकारी होता. आईच्या आजारपणासाठी त्याला परत बोलावण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसता. मुलीची सेवा मोलाची मानली जाई, पण घरापुढे तिचा क्रम दुसराच लागे.

प्रश्न : आघाडीवरच्या तरुणाचा आणि मायदेशातील मुलीचा प्रेमसंबंध नुसत्या पत्रांवर कसा टिकत असे? आणि तो तरुण मारला गेला, तर लग्न न झालेल्या मुलीला ते कसे कळे? तिला काही अधिकार होते का? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर फार कमी लिहिले जाते, म्हणून पहिल्या भागाचे उत्तर आटोपशीर देतो. टपाल आश्चर्य वाटावे इतके चांगले चालत असे. इंग्लंडमधून टाकलेले पत्र दोन-चार दिवसांत फ्रान्सच्या खंदकात पोहोचे, आणि भरात असताना ब्रिटिश टपालखाते आठवड्याला सुमारे एक कोटी वीस लाख पत्रे हाताळत होते. शिपायांची पत्रे त्यांचेच अधिकारी वाचून तपासत. शिवाय एक छापील पोस्टकार्ड होते. त्यावर 'मी ठीक आहे', 'मला रुग्णालयात दाखल केले आहे', 'तुझे पत्र मिळाले' अशी वाक्ये आधीच छापलेली असत. लागू नसतील ती खोडायची, खाली तारीख घालून सही करायची. यापलीकडे एक शब्द लिहिला, तरी कार्ड नष्ट केले जाईल, अशी सूचना वरच छापलेली असे. प्रत्येक मोठ्या चढाईनंतर हजारो मुलींनी खोडलेल्या ओळींमधून उरलेले ते एक वाक्य वाचून श्वास सोडला आहे. रजा अधिकाऱ्यांना काही महिन्यांनी मिळे. साध्या शिपायाला वर्ष उलटले तरी मिळत नसे. त्यामुळे प्रेम मुख्यतः कागदावर वाढले, आणि कागदावर वाढलेल्या प्रेमात जी उत्कटता असते ती आणि जे गैरसमज असतात तेही त्यात होते. व्हेरा आणि रोलंड यांच्या पत्रांतही दुरावा आल्याचे, रागावल्याचे, पुन्हा जवळ आल्याचे दिवस आहेत.

आता मृत्यूची बातमी. अधिकारी मारला गेला तर युद्धखात्याची तार येई; साधा शिपाई मारला गेला तर टपालाने छापील अर्ज येई, ज्यातील रिकाम्या जागी नाव, क्रमांक, ठिकाण हाताने भरलेले असे. मृत्यूच्या क्षणीही सैन्याने हुद्द्याचा भेद पाळला, याचा मला अजूनही संताप येतो. पण तार असो की अर्ज, तो जाई नोंदवहीतील निकटच्या नातलगाकडे, म्हणजे पत्नीकडे, आणि पत्नी नसेल तर आईवडिलांकडे. वाग्दत्त वधूचे नाव त्या नोंदवहीत सहसा नसे. तिला बातमी कळे ती त्याच्या घरच्यांनी आठवणीने कळवली तर, वर्तमानपत्रात रोज छापल्या जाणाऱ्या याद्यांमध्ये नाव दिसले तर, नाही तर तिनेच लिहिलेले पत्र पाकिटावर शेरा मारून तिच्याकडे परत आले तर.

व्हेराच्या बाबतीत असे घडले. ऑगस्ट १९१५ मध्ये रोलंड रजेवर आला असताना त्यांचा वाङ्‌निश्चय झाला. नाताळसाठी तो पुन्हा येणार होता, म्हणून तीही रजा घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनला एका हॉटेलात थांबली होती. २२ डिसेंबरच्या रात्री चांदणे होते. खंदकापुढच्या काटेरी तारांची दुरुस्ती करायला तो बाहेर पडला आणि पोटात गोळी लागली. २३ डिसेंबरला फ्रान्समधील लूव्हाँकूर येथील लष्करी दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला. तो वीस वर्षांचा होता. तार त्याच्या आईवडिलांकडे गेली. नाताळ सरल्यावर हॉटेलात दूरध्वनी आला, तेव्हा व्हेराला वाटले की तो किनाऱ्यावर उतरला असेल आणि तोच बोलत असेल. पलीकडे त्याची बहीण होती.

काही दिवसांनी, जानेवारीत, त्याचे सामान त्याच्या घरी आले, आणि ते उघडले गेले तेव्हा व्हेरा योगायोगाने तेथे होती. गणवेशाचा अंगरखा पुढून-मागून गोळीने फाटलेला होता, आतला सदरा रक्ताने काळवंडलेला होता, विजार कोणी तरी घाईघाईने वरून कापलेली होती, आणि सगळ्यावर चिखल वाळला होता. त्या कपड्यांना येणारा वास साध्या मातीचा नव्हता. हे सगळे तिने भावाला पत्रातून कळवले. रोलंडच्या आईने ते कपडे नजरेआड करायला सांगितले, आणि ते पटण्यासारखेच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या : ते कपडे ठेवायचे, पुरायचे की जाळायचे, याविषयी काही म्हणण्याचा हक्क व्हेराला नव्हता. ती त्या घरात पाहुणी होती.

पुढेही तसेच. १९१५ सालीच मृतदेह मायदेशी आणण्यावर बंदी आली होती, त्यामुळे अंत्ययात्रा नाही, दफनविधी नाही, जिथे चार माणसांत उभे राहून रडता येईल असे ठिकाण नाही. १९१७ मध्ये साम्राज्याच्या युद्ध-थडगे आयोगाची सनद निघाली आणि सर्व हुद्द्यांना एकाच मापाचा दगड लावण्याचे थोर धोरण त्याने स्वीकारले. त्या दगडावर घरच्यांना ६६ अक्षरांपर्यंत स्वतःचा मजकूर कोरता येई. तो मजकूरही निकटच्या नातलगाने ठरवायचा. युद्धानंतर मृताच्या नावाची सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची कांस्याची चकती घरोघर पाठवली गेली, अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या ओतल्या गेल्या. तीही त्याच पत्त्यावर जाई. निवृत्तिवेतन विधवेला मिळे, आणि ते मिळवतानाही तिच्या वर्तनावर नजर ठेवली जाई. शिपायाबरोबर लग्नाविना संसार करणाऱ्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या स्त्रीला सरकारने युद्धकाळात भत्ता दिला, हे त्या काळाच्या मानाने मोठे औदार्य होते. वाग्दत्तेला मात्र कुठल्याच रकान्यात जागा नव्हती. ती विधवा नव्हती, म्हणून तिला विधवेचा सन्मान नव्हता, आणि पूर्वीसारखी कुमारिकाही ती मनाने राहिली नव्हती.

फ्रान्सने निदान जिवंतपणीची एक वाट काढली. एप्रिल १९१५ च्या कायद्याने आघाडीवरच्या शिपायाला प्रतिनिधीमार्फत विवाह करता येऊ लागला, म्हणजे वर खंदकात आणि वधू नगरपालिकेच्या कचेरीत. मृताशी विवाह करण्याची सर्वसाधारण तरतूद तेथे १९५९ साली झाली, आणि तीही युद्धामुळे नव्हे, धरण फुटून झालेल्या जीवितहानीनंतर. अशा विवाहाने प्रेम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ज्या स्त्रीचे कोणी मेले आहे, तिला 'माझे माणूस मेले' असे कागदोपत्री म्हणता येणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

प्रश्न : ही सगळी उच्चशिक्षित, खात्यापित्या घरच्या मुलींची कहाणी झाली. कामगार मुलींचे काय? (एक वाचक)

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे. रोजनिशी लिहायला फुरसत आणि ती जपायला कपाट ज्यांच्याकडे होते, त्यांचेच दुःख आपल्यापर्यंत धडपणे पोहोचले. कामगार मुली दारूगोळ्याच्या कारखान्यांत होत्या. टीएनटी हे स्फोटक हाताळून त्यांची कातडी आणि केस पिवळे पडत, यकृत बिघडून काहींचा जीव जाई. लीड्सजवळच्या बार्नबो येथे ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री तोफगोळे भरण्याच्या खोलीत स्फोट झाला आणि पस्तीस स्त्रिया मेल्या. शत्रूला कळू नये म्हणून ती बातमी त्या वेळी दाबली गेली आणि काम लगेच पुन्हा सुरू झाले. त्या स्त्रियांपैकी काहींचे प्रियकर आघाडीवर असतील, तर तिकडे मरणाची वाट पाहणारे ते आणि इकडे मेलेली ती, असा उलटा क्रमही घडला असेल. या मुलींना पहिल्यांदाच स्वतःचा बरा पगार मिळाला, घरकामाच्या नोकरीतून त्या सुटल्या, आणि युद्ध संपताच त्यांना कारखान्यातून बाहेर काढण्यात आले. यावर स्वतंत्र लेख हवा. तो या मासिकात येईल.

प्रश्न : युद्धानंतर लाखो स्त्रिया अविवाहित राहिल्या आणि आयुष्यभर शोक करत बसल्या, असे वाचले आहे. हे खरे का? आणि व्हेरा ब्रिटनने पुढे लग्न केले, मग तिच्या पहिल्या प्रेमाला काय अर्थ उरला? (दोन वाचकांची पत्रे एकत्र करून)

उत्तर : १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सतरा लाखांहून अधिक भरल्या, आणि वर्तमानपत्रांनी 'जास्तीच्या बायका' म्हणून ओरड केली. हा शब्दप्रयोग क्रूर होता. शिवाय तो अर्धवटच खरा होता, कारण १९११ सालीही ही तफावत अकरा लाखांहून अधिक होती. स्थलांतर करणारे आणि साम्राज्यात नोकरीला जाणारे पुरुषच जास्त असत. युद्धाने तफावत वाढवली आणि तिचा आघात विशेषतः सुशिक्षित वर्गावर झाला, कारण शाळा-महाविद्यालयांतून थेट अधिकारी झालेल्या तरुणांचे मृत्यूचे प्रमाण साध्या शिपायांपेक्षा जास्त होते. तरीही त्या पिढीतील बहुसंख्य स्त्रियांनी लग्ने केली. ज्यांनी केली नाहीत, त्यांतील कित्येकींनी शाळा चालवल्या, रुग्णालये चालवली, संशोधन केले. त्यांना आयुष्यभर रडत बसलेल्या म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

राज्याने त्यांची किती कदर केली, तेही पाहा. फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण तीस वर्षांपुढील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांना. युद्धसेवेतील पुरुषाला मात्र एकोणिसाव्या वर्षीच मत देता येणार होते. म्हणजे युद्ध ज्यांच्या हातांवरून गेले, त्या विशीतल्या परिचारिका आणि कारखान्यांतल्या मुली बाहेरच राहिल्या. त्यांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले ते १९२८ साली.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रोलंडनंतरही व्हेराचे नुकसान थांबले नाही. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समधील अरासच्या लढाईत तिचा मित्र जॉफ्री थर्लो मारला गेला; त्याच महिन्यात दुसरा मित्र व्हिक्टर रिचर्डसन डोक्याला गोळी लागून आंधळा झाला. व्हेरा तेव्हा माल्टा बेटावर परिचारिका होती; ते काम सोडून ती व्हिक्टरसाठी परतली, त्याच्याशी लग्न करण्याची तिची तयारी होती, आणि जूनमध्ये तोही गेला. उरला होता भाऊ. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधील सोमच्या लढाईत जखमी झालेला एडवर्ड लंडनमधील नेमक्या तिच्याच रुग्णालयात आणला गेला होता आणि बरा होऊन परत गेला होता. १५ जून १९१८ ला इटलीतील आसियागोच्या पठारावर तो मारला गेला. युद्ध संपायला पाच महिनेही उरले नव्हते.

यानंतर ती ऑक्सफर्डला परतली ती साहित्य सोडून इतिहास शिकण्यासाठी, कारण हे सगळे कसे घडू दिले गेले ते तिला समजून घ्यायचे होते. मला हा बदल तिच्या सगळ्या आयुष्यात निर्णायक वाटतो. वर्गात युद्ध न पाहिलेल्या, तिच्याहून लहान मुली होत्या आणि त्यांच्यात ती एकटी पडली, तिला भासही होत. सॉमरव्हिलमधील सहाध्यायी विनिफ्रेड होल्टबी हिच्या मैत्रीने तिला सावरले. १९२५ साली तिने जॉर्ज कॅटलिन यांच्याशी विवाह केला. त्यामुळे रोलंडवरचे प्रेम खोटे ठरते असे मानणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे : युद्धावरून परतलेल्या विधुराने किंवा प्रेयसी गमावलेल्या सैनिकाने लग्न केले, तर त्याच्या निष्ठेचा हिशेब आपण असा मांडतो का? जिवंत माणसाला जगण्याचा हक्क आहे, आणि ज्या बाईने विशीतच चार जवळची माणसे गमावली, तिच्याकडे आपण पाचव्या त्यागाची मागणी करू नये.

ती काय विसरली नाही, ते तिच्या पुढच्या भूमिकेवरून कळते. एताप्लला तिने जखमी जर्मन युद्धकैद्यांची शुश्रूषा केली होती. ज्या दिवसांत तिचा भाऊ जर्मनांवर गोळ्या झाडत होता, त्याच दिवसांत ती मरणाऱ्या जर्मनाच्या उशाशी होती. १९३० च्या दशकात ती युद्धविरोधी चळवळीत सामील झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात, देशभर सूडाची भावना असताना, जर्मन शहरांवरील सरसकट बॉम्बवर्षावाला तिने जाहीर विरोध केला. १९४४ साली या विरोधाविषयीचे तिचे लेखन अमेरिकेत प्रसिद्ध होताच तिच्यावर टीकेचा भडिमार झाला, तिला देशद्रोही ठरवणारेही निघाले. तिने आपले म्हणणे मागे घेतले नाही.